तेराव्या पानाचं काय करायचं

मी एक वही बोलतेय, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. मला वाटायचं, आपल्यात लिहिलं जातं ते सगळं लिहिण्यासारखंच असतं.

१९८८ साली मला गुणवंताने विकत घेतलं. पांढुर्ण्याच्या रक्तदाता मंडळाला कॉम्प्युटर मिळाला होता, आणि रक्तगटावरून दाते शोधणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. सौंसरच्या दवाखान्यातले देवीदास त्या प्रोग्रामच्याच आधारावर आपला प्रोग्राम लिहीत होते. आमच्या प्रोग्रामच्या कोणत्या भागाला कोणत्या नावाने हाक मारायची, काय दिलं की काय मिळतं, हे सांगणारी पुस्तिका छापायची होती. तिचा कच्चा मजकूर म्हणजे मी.

बारा पानं सरळ गेली. तेराव्यावर 'जवळचा दाता' हा, जवळच्या गावातला दाता सुचवणारा भाग त्याने लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. दात्याने मागे रक्त कधी दिलं, ते हा भाग पाहतच नव्हता.

"हे आपलं आतलं काम हाये, अर्धवट," तो मंडळात दात्यांची नावं टाइप करणाऱ्या सुमनला म्हणाला. "छापलं तर लोक त्याच्यावरच विसंबतील. मंग मले बदलता येनार नाही."

"पन देवीदासभाऊ तर वापरून राहिले. आपन देलेल्या फ्लॉपीत दिसलं त्याहीले."

"मी कुठं सांगितलं होतं?"

"नाही सांगितलं, तेच म्हनून राहिली मी."

तो गोंधळला. मीही.

त्याच आठवड्यात मोहगावची यमुना बाळंतपणात अडली, सौंसरच्या दवाखान्यात तिला रक्त लागलं. देवीदासांच्या प्रोग्रामने कवडू नावाचा दाता सुचवला. कवडू सायकल दामटत सौंसरला पोचला, तेव्हा कळलं, त्याने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलंय. तीन महिने झाल्याशिवाय पुन्हा रक्त घेत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. दुसरा दाता मिळायला दोन तास गेले. यमुना वाचली.

गुणवंताने मला तेराव्या पानावर उघडलं. "लिहू का नको, काहीच समजून नाही राहिलं."

"तो भाग काय करत नाही, ते लिहा," सुमन म्हणाली.

त्याने लिहिलं: हा भाग मागच्या रक्तदानाची तारीख पाहत नाही. पुढे बदलेल. दात्याला आधी विचारावं.

शेवटच्या वाक्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं. दात्याला विचारणं हे माणसाचं काम, ते प्रोग्रामच्या पुस्तिकेत शोभतं का?

मजकूर छापखान्यात गेला. ते वाक्य राहिलं की गळलं, मला कोणी सांगितलं नाही. मी सुमनच्या कपाटात आहे. ती पुस्तिका तुमच्या हाती आली आणि त्यात ते नसलं, तर समासात पेनाने तेवढं लिहून टाका.