जिलानीभाईंच्या फेऱ्या

बटण पांढरं आणि दोरा हिरवा – पांढरं रीळ संपलं होतं म्हणून… साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या रुद्राणीची नजर समोरच्या बाकावर बसलेल्या जिलानीच्या सदऱ्यावरून हलेना. ते बटण तिनंच लावलेलं, मुरुडच्या घरी, हा बाबा बनियनवर बसून ताक पीत असताना. नांदेडच्या कॉलेजचा वसुलीचा माणूस तो. दर महिन्याला एसटीनं यायचा, आणि आता त्याच्या येण्याजाण्याचा खर्च कॉलेजनं तिच्या लेकीच्या, वर्षाराणीच्या नावावर चढवला होता.

फी कधीच फिटली होती. भूकंपात किल्लारीकडची गिऱ्हाइकं गेली – माणसंच राहिली नाहीत, तर उधारीचा तगादा कुणाच्या दाराशी लावायचा – तेव्हा फी थकली खरी, पण तिच्या नवऱ्यानं, नागप्पांनी, दुकान पुन्हा उभं करत थोडी थोडी चुकती केली. आता वसुलीखर्च भरल्याशिवाय पदवी देत नाही म्हणून कॉलेज अडून बसलेलं, पदवीशिवाय लातूरचे क्लासवाले पोरीला फिजिक्स शिकवायला घेईनात, आणि नवरा हट्टाला पेटून कोर्टात आलेला.

‘पाहुणे म्हणून येत होते, एवढंच सांगा, म्हणजे वसुलीखर्च उडाला,’ नागप्पांच्या वकिलांनी पढवून ठेवलं होतं. त्यात खोटं तरी काय होतं? तगाद्याचा शब्द या माणसाच्या तोंडून कधी निघाला नाही. “वहिनी, भाकरीसंगं ठेचा हाय का?” – एवढीच काय ती त्याची मागणी. रमजानात आला की ती त्याला दिवस मावळेपर्यंत उठू द्यायची नाही, खजूर हातावर ठेवूनच सोडायची… पण पाहुणा म्हटलं की त्याची प्रवासाची बिलं खोटी ठरणार, नोकरी गेलीच म्हणायची. आणि त्याच्या घरात लग्नाला आलेली लेक, इकरा. मीठ खाल्लं त्यानं, आणि जागायची पाळी आली आपल्यावर.

बरं, वसुली तरी खोटी कशी म्हणावी? बँकेचा माणूस दारात ओरडून गेला, त्याला यांनी दमडी दिली नव्हती. जिलानी मात्र हात धुऊन उठला की हेच आपणहून गल्ल्याकडे जायचे – असल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं धाडायचं म्हणून.

सकाळी कोर्टाच्या पायरीवर तो भेटला होता. “खरं हाय ते बोला, वहिनी. माझं काय, चालून जातंय.”

“बाई, हे गृहस्थ तुमच्याकडे कशासाठी येत होते?” कॉलेजच्या वकिलांनी दुसऱ्यांदा विचारलं.

जिलानी खाली मान घालून बसला होता. मला सांभाळा म्हणेना, पोरीचं बघा म्हणेना. आणि रुद्राणीला त्याचा राग आला – पहिल्यांदाच, पाठच्या भावाचा यावा तसा, डोळ्यांत पाणी आणणारा – की मेल्या, एकदा तरी तोंड उघडून काही माग… म्हणजे मला निदान नाही तरी म्हणता येईल.