उभ्या गाडीचा डावा टायर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. विमा कंपनीच्या त्या पत्राखाली तुमचं नाव नाही, नुसतंच 'दावे विभाग' असं छापलंय. नाव लिहायचं नसलं की माणूस काहीही लिहितो. त्या पत्रात दोषी कोण, तर मी. आणि मला विचारलं कुणी? कुणीच नाही.

मित्रांनो, दचकू नका, तुमच्यावर नाही ओरडत. मी एक जुना टायर आहे. नोरीन ट्रेगेन्झा नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या गाडीचा, पुढचा, डावीकडचा. माझ्यावर आळ आला म्हणून तोंड उघडतोय, नाहीतर टायरांना बोलायची सवय नसते.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, पोलादी तारा, वर तापलेला साचा. अंगावर आकडे उमटले, ते अजून आहेत. तिथून मी वासच्या दुकानात आलो. वास हा वेलारा गावचा टायरवाला, बापाच्या ग्रीक शिव्या आणि आईचा दमा घेऊन जन्मलेला. एका महिन्यात दुसऱ्यांदा टायर फाटला म्हणून नोरीन त्याच्याकडे आली होती. तिच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चाळीस किलोमीटर नुसती खडी, आणि खडी कसली, सुऱ्याच त्या.

वासने गाडीचं दार उघडलं. दाराच्या कडेला एक पट्टी असते, तिच्यावर त्या गाडीला कुठल्या मापाचे टायर ते लिहिलेलं असतं. त्याने ती वाचली आणि नाक मुरडलं.

"हे शहरातल्या लोकांसाठी लिहिलंय. तुझ्या रस्त्यावर हे टायर म्हणजे पावाचे तुकडे. हा बघ. वजन जास्त पेलतो, कडा जाड आहे. फक्त बोटभर उंच आहे."

"चालेल ना?" नोरीनने विचारलं.

"रस्त्याला चालेल. विमावाल्यांना तेवढं कळव."

तिने फोन लावला की! तिकडून नुसतं संगीत. अर्धा तास झाला, तसा तिचा नवरा क्लेम फोन कानाला लावून मान डोलवू लागला. "चांगली चाल आहे गं, नाचतेस का?" म्हणाला. मग लाइन तुटली. नोरीन म्हणाली, "राहू दे. टायरच बदललेत, बँक नाही लुटली." त्या भागात सगळेच असे टायर घालतात. कळवत कुणीच नाही. तिची चूक झाली, मी लपवणार नाही.

क्लेमची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली होती. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी वेलाराच्या इस्पितळात मशीन त्याचं रक्त धुऊन द्यायचं. एक वार चुकला की अंगात पाणी साठतं, दोन चुकले की माणूस हाती लागत नाही. चार वर्षं आम्ही एकही वार चुकवला नाही. क्लेम बरोबर माझ्या डोक्यावर बसायचा. जाताना जड, येताना हलका. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळायचं.

नोरीन दर सोमवारी माझी हवा मोजायची. खडीवर थोडी कमी, डांबरावर पुन्हा भरलेली. गुडघे दुखायचे तरी वाकायची.

"माझा रक्तदाब कधी एवढ्या मायेने बघितलास?" क्लेम चिडवायचा.

"तू फुटलास तर नर्स आहे. हा फुटला तर मीच आहे."

मित्रांनो, एवढी काळजी घेतलेला टायर मी दुसरा पाहिला नाही.

मग फेब्रुवारी आला, आमच्या दक्षिण गोलार्धातला भर उन्हाळा. चव्वेचाळीस अंश. इस्पितळाच्या आवारात सावली एकच, जुन्या लाल निलगिरीची. ते झाड वारा नसतानाही फांदी टाकतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि तरी उन्हाळ्यात प्रत्येक जण तिथेच गाडी लावतो, कारण मशीनवरून उतरलेल्या माणसाला भट्टीत बसवणार कसं? नोरीनने गाडी लावली, क्लेमला आत नेलं. तासाभराने वर कडाड् झालं. फांदी छतावर आली. छत मागच्या बाजूने बसलं, काचा गेल्या, सांगाडा वाकला. आत कुणी नव्हतं, एवढंच बरं. मला साधा ओरखडाही नाही.

तुमचा माणूस आला साहेब. छताकडे त्याने एकदा पाहिलं. मग खाली बसला आणि फितीने माझं माप घेऊ लागला.

बाजूला खुर्ची टाकून बसलेला क्लेम ओरडला, "अहो, फांदी वर आहे!"

माणूस हसला नाही. नवव्या दिवशी पत्र आलं: 'गाडीला न कळवता अयोग्य टायर बसवल्याने दावा नामंजूर.'

आता मी वासच्या आवारात, त्याच मोडक्या गाडीखाली आहे. शेजारी पाळीपाळीने क्लेमला नेतात. पण कापणी जवळ आली, मग कोण नेणार? "गावात खोली घेऊ," क्लेम म्हणतो, "तुला किती दिवस दुसऱ्यांच्या दारात उभी करू?" ज्या घराची प्रत्येक वीट त्याने रचली, ते घर सोडायचं म्हणतो, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघतो. हे नोरीननेच वासला सांगितलं, काल, मोडक्या गाडीतल्या क्लेमच्या जागेवर बसून. मांडीवर कागद होता, उत्तर लिहीत होती.

वासने वाचलं. "कडक आहे. 'कृपया' तरी घाल."

"कृपया चाळीस वर्षं घातलं, दर हप्त्याबरोबर."

मित्रांनो, घरी आईवडील टायर बदलतील तेव्हा दाराची पट्टी वाचायला लावा. रस्ता बघून टायर घ्या, पण टायरवरचा वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर पट्टीवरच्यापेक्षा कमी नको. बदल केला तर विमावाल्यांना कागदावर कळवा, संगीत ऐकत बसू नका. आणि आमची हवा बघत जा. आम्ही मागत नाही, म्हणून विसरू नका.

आणि साहेब, तुम्ही. नोरीनच्या पत्रात एकच ओळ आहे, तीच माझीही. गाडी बंद होती, चाकं थांबलेली होती, फांदी आकाशातून आली. पट्टीवरचा टायर माझ्या जागी असता, तर ती फांदी त्याने कशी अडवली असती? आपलं नाव घालून लिहा.