जेरेला अहोजाहो

लॅक्सन जेरेला मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या सख्ख्या नवऱ्यालाही घातल्या नसतील. आणि नवऱ्याला काही कमी घातल्या नव्हत्या.

जेरे आमच्या फुटबॉल संघाचा, कांसुंबी रेंजर्सचा, कोच. न्गोनी जमातीचा माणूस, पूर्वेकडचा. इथं खाणीवर आम्ही बहुतेक सगळे बेंबा. आमच्या नि त्यांच्या खापरपणजोबांनी एके काळी एकमेकांची यथेच्छ डोकी फोडली. जिंकलं कोण, यावर आजही एकमत नाही. पण लढाया थांबल्या तेव्हा ठरलं, की भाले पुरे, आता जिभा चालवायच्या. तेव्हापासून बेंबानं न्गोनीला आणि न्गोनीनं बेंबाला तोंडाला येईल ते बोलावं, आणि रागवायचं कुणी नाही. ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात, आम्ही त्यांना उंदीरखाऊ. उंदीर ते खरंच खातात. आम्ही माकडं खात नाही. म्हणजे, हल्ली नाही.

माझा नवरा गेला तेव्हा जेरेला येऊन जेमतेम महिना झाला होता. मयत उचलायच्या वेळी हा उंबऱ्यात आडवा पडला नि बोंबलायला लागला, "ऊठ रे माकडा! नाटकं पुरे! शनिवारी मॅच आहे, तुझ्या जागेवर काय तुझा बाप बसणार?" सगळं घर हसलं. रडून माझे डोळे सुजले होते, तशात मीही हसले. त्या दिवसापासून जेरे माझ्या घरचा झाला.

पण म्हणून तो कोच चांगला होता असं अजिबात नाही. मेल्याला गोल खाण्याची इतकी धास्ती, की अकराच्या अकरा आपल्याच गोलापुढं उभे करायचा. बाहेरगावी ते चालून जायचं. घरी नाही. घरच्या मैदानावर आम्ही गोल कधी केला होता ते आठवायला डोकं खाजवावं लागायचं.

आणि स्टँड! आमचा तो उघडा स्टँड, वर छप्पर नाही, ऊन थेट टाळक्यावर. तिथं गाणी मी उचलते. मला सगळे बाना कासोंदे म्हणतात, म्हणजे कासोंदेची आई. सकाळी बाजारात सुकी मासळी विकते नि दुपारी ओरडते. पूर्वी मी पहिली ओळ घेतली की पलीकडच्या खाणीतली माणसं विचारायची, कांसुंबीनं गोल मारला का? आता मी गाते नि माझाच आवाज मला ऐकू येतो. पुढं नव्या वस्तीतली पोरं फोन धरून बसतात. मागं आमची जुनी मंडळी भुईमुगाच्या शेंगा सोलत मूग गिळून बसलेली. एखादा पास चुकला की मग मात्र सगळ्यांना कंठ फुटतो, तोही आपल्याच पोराला हुडुत करायला. आमचा डावीकडचा बचाववाला तर चेंडू आपल्याकडं येऊ नये म्हणून खेळाडूंच्या मागं लपायचा. मैदान आहे की दवाखान्यातली रांग?

मी जेरेला सोडत नव्हते. "ए उंदीरखाऊ, तुझ्या पोरांना सांग समोरच्या गोलात साप नाहीये!" तो वळून कमरेवर हात ठेवायचा. "तू आधी झाडावरून खाली उतर, मग शिकव!" आणि हसायचा. तिथंच सगळं घोडं पेंड खात होतं. आम्ही कितीही बोललो तरी त्याला वाटायचं, चाललीय थट्टा.

शेवटी समर्थकांचे अध्यक्ष, बा चिसांगा, यांनी बाजाराच्या शेडखाली बैठक बोलावली. खाणीतले जुने मुकादम, बोलतात थोडं. म्हणाले, "खाणीच्या साहेब लोकांनी कोचचं आपल्यावर सोडलंय. रविवारच्या मॅचनंतर आपण म्हणू 'राहू दे', तर जेरे राहील. म्हणू 'जाऊ दे', तर जाईल."

"जाऊ दे," चार-पाचजण एकदम म्हणाले.

"पण त्याला कळलं पाहिजे ना आपण का चिडलोय ते," एक म्हातारा म्हणाला. "शिव्या द्याव्यात तर हसतो गाढव."

खरंच, ज्याला शिव्या द्यायचा हक्क आहे त्याला आपण मनापासून चिडलोय हे सांगायचं कसं?

आणि ती अक्कल माझ्याच डोक्यातून निघाली. "अहोजाहो करा त्याला," मी म्हटलं. "कुणी एक शिवी द्यायची नाही. साहेबासारखं वागवा. बरोब्बर कळेल."

बा चिसांगांनी मान हलवली. "सुरुवात मग तूच कर. तुझंच तोंड सगळ्यांत मोठं."

केली. का नाही करणार? संघ गचाळ खेळत होता, आणि मला तो आवडायचा म्हणून काय मी संघ बुडू द्यायचा?

रविवारी जेरे खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानावर आला नि सवयीनं आमच्याकडं बघून ओरडला, "काय गं माकडीणबाई, आज गळा आणलास की घरी विसरलीस?"

मी कुंपणापाशी गेले. कमरेचं लुगडं सावरलं, गुडघे जमिनीला टेकले, परक्या थोर माणसापुढं वाजवतात तशा हलक्या टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, "नमस्कार, साहेब. आपलं सगळं क्षेम आहे ना?"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मान फिरवून त्यानं सगळ्या स्टँडकडं पाहिलं. एक शिवी आली नाही. मग तो जाऊन बाकावर बसला.

मॅच सुरू झाली. हाताची घडी, तोंडावर बोट. रेफरीची शिट्टी लांबून कुणी बोलावल्यासारखी ऐकू यायची. मैदानावरची आमची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना कुणी बैठकीचं सांगितलंच नव्हतं! हाफटाइमच्या थोडं आधी आमच्या डावीकडच्याचा पाय चेंडूवरून घसरला आणि गोल बसला. तेव्हाही स्टँड चूप.

जेरे उठला नि तरातरा आमच्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरून ओरडला, "अरे माकडखाऊंनो! दातखीळ बसली का सगळ्यांची? तुमच्या आजोबांना आमच्या आजोबांनी पळवलं तेव्हा ते निदान किंचाळत तरी होते! बोला की! ए कासोंदेच्या आये, बोल की गं!"

तो विनवत होता. मला कळलं ते. सगळे माझ्याकडं बघत होते. मी बोलले असते तर सगळे बोलले असते. मी लुगड्याचा काठ दातात धरला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतलं एक पोर तडकलं, "हा आपल्या बापजाद्यांना शिव्या देतोय?" आणि त्यानं पाण्याची बाटली भिरकावली. ती जेरेच्या खांद्याला लागली. जेरे हसलाच! त्याला वाटलं, चला, थट्टा सुरू झाली. हसतोय तोच दुसरीकडून दगड आला आणि त्याच्या भुवईवर फुटला. रक्त आलं.

त्या नव्या पोरांना हे नातंच ठाऊक नव्हतं. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मी कुंपणावर कशी चढले ते मला आठवत नाही, माझं वय काय, वजन काय. पोटातून ओरडले, "खबरदार! आमच्या उंदराला कुणी हात लावेल तर! याला मारायचं तर आम्ही मारू! अरे मुडद्या, बिळातल्या, पूर्वेचं नाव घालवलंस, तुझ्यापेक्षा तुझ्या ताटातला उंदीर बरा खेळला असता! घाल ना कुणाला पुढं! का सगळ्यांना शेपट्या धरून बसवलंयस?"

मागं कुणीतरी खो खो हसलं. मग एका म्हाताऱ्यानं शिवी दिली, मग दुसऱ्यानं. मग सगळा स्टँडच सुटला. इतक्या दिवसांचं साठलेलं, बाई गं, काय काय बाहेर पडलं! पोरांनी फोन खाली ठेवले. त्यातच मी गाणं उचललं आणि यावेळी माझा आवाज मला ऐकू आला नाही.

दुसऱ्या अर्ध्यात जेरेनं भुवईवर फडकं बांधून तिघांना पुढं पाठवलं. आमची पोरं पिसाटासारखी पळाली. एक गोल केला. घरच्या मैदानावर! जिंकलो नाही, बरोबरी झाली, पण लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. बा चिसांगा डोळे पुसत माझ्याजवळ आले. "राहू दे त्याला," म्हणाले. "जा, तूच सांग."

मी धावतच गेले. जेरे कपड्यांच्या खोलीबाहेर खोक्यावर बसला होता. टाके घालायला माणूस यायचा होता.

"ऊठ रे उंदरा," मी म्हटलं. "राहतोयस तू. ठरलं. आता पुढच्या मॅचला असाच खेळव, नाहीतर मीच दगड मारीन."

तो उठून उभा राहिला. "आपले उपकार आहेत. पण मी साहेबांना कळवलंय. जातो मी."

"एका दगडासाठी? अरे, पोर होतं ते, येडं! त्याचं थोबाड रंगवलंय बा चिसांगांनी."

"दगडाचं काही नाही. तो परक्या पोरानं मारला." त्यानं भुवईवरचं फडकं दाबलं. "गुडघे तुम्ही टेकलेत."

तुम्ही. मी शिव्या द्यायला लागले. त्याला, त्याच्या आजोबांना, न्गोनींच्या सगळ्या गावांना, त्यांच्या बिळांना, त्यांच्या पळपुट्या सरदारांना. घसा बसेपर्यंत दिल्या. एक तरी परत दे रे, एक तरी, असं मनात म्हणत दिल्या. तो खाली मान घालून सगळं ऐकत उभा राहिला. मी थांबले तेव्हा दोन्ही तळवे हलके एकमेकांवर वाजवून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, आई."