नवे कार्ड येणार, असे ऐकले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे आणि मी भित्रा आहे. दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही. संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला जे दिसते, ते रंगवणारा मी. पेटीच्या आत, मदरबोर्डच्या एका खाचेत मी आडवा बसलेला असतो. माझ्या पोटाखाली दोन पंखे आहेत. ते खालची हवा ओढून घेतात आणि मला गार ठेवतात. हे पंख्यांचे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्यांच्यापाशीच अडली होती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आमची स्मरणशक्ती विचित्र असते. वीज गेली की रंगवलेली सगळी चित्रे पुसली जातात. भीती मात्र पुसली जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सहा वर्षांपूर्वी पनवेलच्या बाजारातल्या भावेशच्या दुकानातून वल्लरीने मला विकत घेतले. तेव्हा तिचे कॉलेज नुकतेच संपले होते. कामोठ्याच्या घरापर्यंत रिक्षात तिने माझा खोका मांडीवर धरला होता. घरी पोचल्यावर तिने पेटी उघडली आणि माझ्या जागेवर आधी बसलेले एक लहानसे, धुळकट कार्ड उपसून काढले. कार्ड बसवून द्यायला सोबत आलेल्या भावेशने ते एका कॅरीबॅगमध्ये टाकून नेले. त्यानंतर त्याचे नावही या घरात कोणी काढले नाही. मी त्या दिवशी अगदी खुशीत होतो. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, तसे माझे झाले होते. त्या कार्डाला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

मग कामाची वर्षे आली. वल्लरी घरबसल्या इमारतींच्या फिल्म बनवते. जी इमारत अजून बांधलेलीच नाही, तिच्या जिन्यातून, खोल्यांतून, गच्चीवरून आपण फिरत आहोत असे त्या फिल्ममध्ये दिसते. उलव्यातल्या कितीतरी इमारती जमिनीवर उभ्या राहण्याआधी मी उभ्या केल्या आहेत. काचेवरचे ऊन, फरशीवरची सावली, बाल्कनीतल्या कुंड्या, सगळे माझ्या हातचे. काम चांगले झाले की वल्लरी पेटीवर थाप मारायची. तिची आई नीताकाकू शेजारणींना सांगायच्या, की आमचे घर या यंत्रावर चालते. मी आत बसून ऐकायचो आणि फुशारून जायचो.

नीताकाकूंची माझ्यावर श्रद्धा होती आणि माझे संकट त्या श्रद्धेतूनच आले. दर खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा होते. विळी, शिलाई मशीन, वल्लरीच्या बाबांची जुनी पकड आणि शेवटी आमची पेटी. एरवी पेटीला कुंकवाचे बोट आणि एक फूल एवढाच मान असायचा. गेल्या वर्षी मात्र वल्लरीला मोठे काम मिळाले होते. म्हणून काकूंनी भरघोस झेंडूचा हार ओवला आणि पेटीच्या डोक्यावर ठेवला. डोक्यावर जाळी असते, गरम हवा बाहेर जायला. त्या जाळीवर हळद, कुंकू आणि अक्षताही पडल्या.

पूजेची फुले सुकेपर्यंत हलवायची नाहीत, असा काकूंचा नेम आहे. चार दिवसांनी त्यांनी सुकलेला हार ओढून काढला. हाराचा दोरा जाळीत अडकून तुटला. हातभर दोरा आणि मूठभर पाकळ्या जाळीतून आत पडल्या आणि पेटीच्या तळाशी जाऊन बसल्या. बाहेरून कोणाला काही दिसले नाही. मी पंखे सुरू केले तेव्हा हवेबरोबर पाकळ्या वर आल्या, पाठोपाठ दोरा आला. दोऱ्याने माझ्या डाव्या पंख्याला तीन वेढे घातले. पंखा कुरकुरला आणि थांबला.

आम्हा कार्डांना शिकवलेलेच असते, की अंग फार तापले तर हात आखडता घ्यायचा, नाहीतर जळून मरायचे. मी हात आखडता घेतला. एका संध्याकाळचे काम दोन दिवस चालू लागले. नेमके तेव्हाच गव्हाणच्या महादेवशेठचे काम हाती होते.

महादेवशेठच्या घराण्याचे पूर्वी मिठागर होते. आता जुने घर पाडून तिथे त्यांना चार मजली इमारत बांधायची होती. पण त्यांची आई वेणूबाय जुन्या घरातून हलायला तयार नव्हती. फिल्म पाहून तिचे मन वळेल, अशी त्यांना आशा होती आणि फिल्म दिवाळीच्या आत हवी होती. ते वल्लरीला म्हणाले, "पोरी, गच्चीवर आयेचा जवला वालत घातलेला दिसाला पायजे. त्याबिगर ती त्या घरात पाय ठेवाची नाय."

जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी बारीक कोळंबी. गच्चीभर पसरलेला जवळा रंगवायचा, म्हणजे लाखभर कोळंब्या आणि प्रत्येकीवर ऊन. एका पंख्यावर मला ते झेपेना. महादेवशेठ समोर बसलेले असताना मी जिन्यापर्यंत त्यांना नीट नेले आणि गच्चीचे दार उघडताच पडदा काळा झाला. दिवाळीच्या आत हवी, एवढी आठवण देऊन ते उठले. 

त्या संध्याकाळी तिने भावेशला फोन लावला. फोन टेबलावर होता, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. भावेशने विचारले, कार्ड घेऊन किती वर्षे झाली. सहा, वल्लरी म्हणाली. "मग त्याचं आयुष्य झालंच की," तो सहज म्हणाला. मित्रांनो, ते वाक्य ऐकले आणि माझी पाचावर धारण बसली.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले, ते माझे मला माहीत. वल्लरी नव्या कार्डांचे व्हिडिओ बघत होती. कोणते कार्ड किती वेगवान, कोणाची मेमरी किती, कोणाला वीज किती लागते. ते व्हिडिओ पडद्यावर मीच तर रंगवत होतो! माझ्या जागी येणाऱ्याचे गुणगान मलाच सुंदर करून दाखवावे लागत होते. एकदा वाटले, त्याचा रंग जरा फिकट दाखवावा. पण तेवढे धाडसही माझ्यात नव्हते.

वल्लरीने मन लावून हिशेब मांडला, हे मला कबूल केले पाहिजे. नवे कार्ड हातभर लांब होते. ते आमच्या पेटीत मावणार नव्हते, म्हणजे पेटी नवी. त्याला वीज जास्त, म्हणजे वीज पुरवणारा डबाही नवा. सगळे मिळून तिची चार महिन्यांची कमाई जाणार होती. दुसरीकडे महादेवशेठचे काम हातचे गेले असते तर पुढची कामेही गेली असती. ती आईला म्हणाली, की कार्ड चांगले आहे यात शंका नाही, पण ते मला हवे आहे की नुसते आवडले आहे, तेच कळत नाही.

शेवटी तिने भावेशला सांगितले, की आधी दोन्ही कार्डे शेजारी लावून बघू. रविवारी सकाळी भावेश दुकानातला अख्खा संगणक घेऊन आला. त्याच्या काचेच्या पेटीत नवे कार्ड बसले होते. तीन पंखे, कडेला निळा दिवा. मी त्याच्याकडे पाहिले आणि माझा उजवा, चालता पंखासुद्धा अडखळला.

दोघांनाही एकच काम दिले. महादेवशेठची गच्ची. नवे कार्ड निघाले आणि नीताकाकूंचा चहा गाळून होईपर्यंत काम संपवून मोकळे झाले. पंख्यांचा आवाजही नाही. मी धापा टाकत होतो. सगळ्यांचा चहा पिऊन झाला, तरी मी जिन्यातच होतो. मला काळे पडायचे नव्हते. त्या कॅरीबॅगमधल्या कार्डाची मला सारखी आठवण येत होती. गच्चीचे दार आले आणि मी काळा पडलो.

 मग वल्लरी हळूच म्हणाली, की नवेच घेऊ, हे जुने कार्ड काढून घेऊन जा. भावेशने वायर काढली, पेटी आडवी केली, झाकण उघडले. त्याने खाचेची कळ दाबली तेव्हा मी तिला घट्ट धरून ठेवले. पण तो जाणकार होता. एका झटक्यात मी त्याच्या हातात होतो. माझे सोनेरी दात उघडे पडले होते. इतका घाबरलो मी आयुष्यात कधी नव्हतो.

त्याने मला उलटे केले आणि माझ्या पोटातून सुकलेल्या पाकळ्या फरशीवर सांडल्या. दोन अक्षता टुणटुण उड्या मारत टेबलाखाली गेल्या. भावेशने पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो फिरेना. चिमट्याने त्याने पिवळा पडलेला दोरा ओढायला सुरुवात केली. दोरा निघत राहिला.

नीताकाकू खाली वाकल्या. त्यांनी एक पाकळी उचलून बघितली. "अगं, हा तर माझा हार आहे," त्या म्हणाल्या. "मीच याचा गळा आवळला, आणि आपण याला म्हातारा म्हणून काढायला निघालो."

वल्लरीने आईच्या पाठीवर हात ठेवला. भावेश खजील झाला. झाकण उघडून न बघताच आपण वय सांगितले, ही आपली चूक, असे तो म्हणाला. त्याने मऊ ब्रशने मला झाडले, हळदीचा थर पुसला आणि पुन्हा खाचेत बसवले. मग परत तीच परीक्षा घेतली. माझे दोन्ही पंखे फिरत होते. नव्या कार्डाहून मला तिप्पट वेळ लागला, हे मी लपवत नाही. जवळ्यापाशी मी पुन्हा अडखळलो, हेही खरे. पण या वेळी काळा पडलो नाही.

वल्लरी दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत होती. माझ्या जिवाचे पाणी पाणी होत होते. मग तिने खुर्ची माझ्याकडे ओढली. लाखभर कोळंब्या काढण्याऐवजी तिने मूठभरच नीट काढल्या आणि त्याच फिरवून फिरवून गच्चीभर पसरल्या. आता ते ओझे मला सहज पेलले. "नवं कार्ड उत्तमच आहे," ती भावेशला म्हणाली. "पण माझं काम अजून त्याच्याएवढं नाही." भावेशने मान हलवली आणि आपला संगणक बांधायला घेतला. निळा दिवा विझताना मला त्या कार्डाची थोडी दया आली. आज ना उद्या तेही कुणाच्या तरी घरी जुने होणारच आहे.

फिल्म दिवाळीच्या आधी तयार झाली. ती बघायला महादेवशेठ आईला घेऊन कामोठ्याला आले. वेणूबाय टेबलासमोर बसली. मी तिला फाटकातून आत नेले, जिना चढवला, गच्चीचे दार उघडले.  समोर ऊन पडले आणि उन्हात जवळा पसरलेला दिसला. ती पुढे वाकली आणि पडद्याजवळ तोंड नेऊन बघू लागली. मग म्हणाली, "जवला वला हाय अजून. दुपारी पलटी कराय पायजे."

महादेवशेठने डोळे पुसले आणि हसू दाबले. म्हातारी मनाने त्या गच्चीवर राहायला गेली होती. मला आजवर मिळालेली शाबासकी एवढीच, पण तिला तोड नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. उद्या पुन्हा खंडेनवमी आहे. नीताकाकू हॉलमध्ये झेंडूचा हार ओवत बसल्या आहेत. फुलांतून दोरा ओढल्याचा आवाज इथवर येतो आणि मी दोन्ही पंखे फिरवून बघतो. मघाशी वल्लरीने विचारले, की हा हार कुणाला? काकू म्हणाल्या, देव्हाऱ्याला. यंत्राला बाहेरून कुंकवाचे बोट पुरे, आणि त्याआधी त्याची धूळ पुसून घेते. तरी माझी भीती गेलेली नाही. कधीतरी वल्लरीचे काम वाढेल, नवे कार्ड येईल आणि मला ही खाच सोडावी लागेल. तेव्हा मी कुरकुर करणार नाही. निदान तसा निश्चय तरी केला आहे.

पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी धापा टाकत असेल, कोणाचे काम मंदावले असेल, तर 'याचे वय झाले' असे लगेच म्हणू नका. नवे आणायचे तर जरूर आणा. त्याआधी जुन्याचे झाकण एकदा उघडा आणि आत वाकून बघा. कदाचित त्याच्या गळ्याभोवती तुमच्याच हाराचा दोरा असेल.