आमचे आप्पा बाहेरचे कसे?

मी बस डेपोतला लॉकर बोलतोय. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतिगृहात, खिडकीखाली आम्ही ओळीने उभे असतो. तक्रार करायचा माझा स्वभाव नाही. पण परवा जे पाहिलं, त्यानंतर गप्प राहवत नाही.

कारखान्यातून आलो तो थेट आप्पांच्या वाट्याला. आप्पा म्हणजे डेपोतले जुने ड्रायव्हर. डबा, कोरडा शर्ट, पाठीला बांधायचा पट्टा, सगळं माझ्या पोटात. दाराला आतून नातीचा फोटो. दार आपटलेलं त्यांना खपायचं नाही.

मग 'स्वेच्छानिवृत्ती' आली. कसली डोंबलाची स्वेच्छा! डेपोचे साहेब रोज येऊन ऐकवायचे, "माणसं जास्त झालीत. आत्ता सही करा, मानाने जा. नाहीतर लांबच्या डेपोत बदली ठरलेली." आप्पांची बायको गुडघ्यांनी जायबंदी. तिला सोडून लांब कसं जाणार? आप्पांनी सही केली. फोटो नखाने हळूच सोडवला, खिशात ठेवला आणि मान खाली घालून गेले.

वर्ष सरायच्या आतच ड्रायव्हर कमी पडू लागले. फेऱ्या रद्द, थांब्यांवर लोकांचा आरडाओरडा. तेव्हा ह्याच साहेबांनी माझ्यादेखत फोन लावला, "आप्पा, तुमच्यावाचून इथं पान हलत नाही हो!"

भोळे आप्पा आले. तीच बस, तोच रस्ता. पण आता ठेकेदाराचा माणूस म्हणून. सवयीने माझ्याकडे वळले, तर साहेब आडवे आले. "ही खोली कायमच्या कर्मचाऱ्यांसाठी. तुम्ही आता बाहेरचे." आणि मला कुलूप ठोकलं. आत होतं काय? नुसता रिकामा कप्पा! माझं पत्र्याचं अंग तापलं.

तेव्हापासून आप्पा बाहेर पायरीवर, उन्हात बसून जेवायचे. परवा घास हातात असतानाच कलंडले. त्यांच्या गाडीवरच्या कंडक्टर ताईंनी चौघांना हाका मारल्या, आप्पांना आत आणून बाकावर निजवलं.

साहेब धावत आले. "यांना आत कोणी घेतलं?"

ताईंचा पारा चढला. "माणूस पडलाय, आणि तुम्हाला खोली कुणाची ते सुचतंय? गाडीभर लोकांचे जीव यांच्या हाती देता, तेव्हा हे आपले. आणि घोटभर पाणी प्यायला बाहेरचे?"

"ताई, नोकरी सांभाळून बोला."

"सांभाळूनच बोलतेय इतकी वर्षं!"

डेपोतला मेकॅनिक तडक वर्कशॉपकडे गेला. हातोडा घेऊन आला आणि माझं कुलूप फोडलं. कडी वाकली. दुखलं, पण बरं वाटलं.

आप्पा उठून बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "साहेब, आज गाडी होणार नाही माझ्याच्याने. उद्या येईन. पण आलो तर ह्याच दाराने येईन."

आले. त्यांचा डबा आता माझ्यात आहे. ताईंना मात्र नोटीस मिळालीय. पुढे काय होईल, देव जाणे. साहेब माझ्या वाकड्या कडीकडे बघत जातात, नवं कुलूप लावायचा धीर अजून झालेला नाही.

तुम्ही बसने जाता ना? मग एवढं करा. उतरताना ड्रायव्हरला विचारा, जेवलात का? आणि कुठे बसून जेवलात, तेही विचारा.