मुद्दाम बिघडवलेलं काज

माझ्या दिरांना रिकामं बसता येत नाही, हा त्या घराण्याचा रोगच आहे. युद्ध सुरू झालं, सैनिक माझ्या नवऱ्याला घेऊन गेले, आणि आम्हा दोघांना, मला आणि दिरांना, एका लाँड्रीवालीने दुकानामागच्या खोलीत लपवलं. दीर शिंपी. त्यांच्यासारखं काज अख्ख्या शहरात कुणी करत नसे. माझ्याशी मात्र त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. मी शिवलेली उशीची खोळ त्यांनी न विचारता उसवून पुन्हा शिवली, तेव्हापासून. आठ पावलांच्या खोलीत अबोला धरून बघा म्हणजे कळेल.

लाँड्रीवालीचे उपकार थोडे तरी फिटावेत म्हणून ते गिऱ्हाइकांचे फाटके कपडे दुरुस्त करू लागले. एके दुपारी ती आत आली ती पांढरीफटक पडून.

"औषधवाला आला होता. कोटाचं काज बघून विचारतो, हे कुणी केलं? मी म्हटलं, मीच. तर दुसरा कोट ठेवून गेला. म्हणाला, याचंही काज करून ठेवा, उद्या नेतो."

औषधवाल्याच्या दुकानात सैनिकांची रोजची ऊठबस. आणि पंधरा वर्षं त्याचे कोट दिरांनीच शिवलेले. हात कुणाचा, हे त्याने ओळखलं असणारच.

"भावजी, तुमच्या हौसेपायी तिघंही मरू," मी म्हणाले. सात वर्षांनी तोंड उघडलं, ते हे बोलायला.

"चुकलंच माझं, वहिनी."

आता एकच उपाय होता. हे काज वाईट व्हायला हवं होतं, म्हणजे आधीचं चुकून जमलं असं वाटलं असतं. दिरांनी चिंधीवर तीनदा प्रयत्न केला. तिन्ही काजं एकापेक्षा एक सुरेख! हात ऐकतच नव्हता. बिचाऱ्यांना घाम फुटला.

"द्या इकडे, हे काम माझं," मी म्हटलं आणि सुई ओढून घेतली.

मी अगदी मन लावून घाण केली. दर टाक्याला ते शेजारी बसून कळवळत होते. एकदा त्यांचा हात पुढे आला, तो त्यांनी स्वतःच मांडीखाली दाबून धरला. मला हसू फुटलं, मग त्यांनाही. फार आपले वाटले ते मला तेव्हा. नाहीतरी घरचं म्हणावं असं मला दुसरं कोण उरलं होतं?

दुसऱ्या दिवशी औषधवाला आला. आम्ही दाराला कान लावून उभे. कोट उलगडल्याची सळसळ ऐकू आली.

"हे बरं झालं," तो हळूच म्हणाला. "यापुढे असंच करत जा. ते पहिलं काज मी ओळखलं, तसं दुसरंही कुणी ओळखेल. घरी जाऊन मी ते उसवून टाकलं."

दिरांनी तोंडावर हात दाबला.

"सगळ्यात खडूस गिऱ्हाईक होतं माझं, वहिनी," एवढंच पुटपुटले, आणि रडायला लागले.