आधी स्वतःच्या गालावर

दर्शना गेली ते मला जयगडला कळलं. मी बंदरात वजनकाट्यावर कामाला आहे. ट्रक काट्यावर चढतो, मी आकडा बघतो, पावती देतो. मंगळवार होता, दुपारचे सव्वातीन. नम्रताचा फोन आला. नम्रता माझी मेहुणी, दर्शनाची धाकटी बहीण. चार दिवस तीच रुग्णालयात दर्शनाजवळ होती. एरवी फोनवर ती आधी दोन टोमणे मारते, मग कामाचं बोलते. त्या दिवशी म्हणाली, "भावोजी, तुम्ही निघा. गाडी सावकाश चालवा." तेवढ्यावरून मला कळलं.

काट्यावर ट्रक उभा होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी त्याची पावती फाडून दिली आणि मग निघालो.

पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुफ्फुसात गेली असं डॉक्टर म्हणाले. दर्शना बेचाळीस वर्षांची होती. सकाळी तिनेच मला हाकललं होतं. "इथे बसून माझं तोंड काय बघताय? ड्युटीवर जा. रजा शिल्लक ठेवा, गणपतीत लागेल."

तिला रत्नागिरीला घरी आणलं तेव्हा आमच्या कुवारबावच्या सगळ्या बायका जमल्या. एक जण दुसरीला म्हणाली, "चेहरा बघ गो कसा. एक डाग नाही." मी तिथेच उभा होतो. त्या बाईला तिथून उठवून बाहेर काढावं असं मला वाटलं.

डाग नव्हता हे खरं. पण आधी होता. सोळा वर्षांपूर्वी दर्शनाला दिवस गेले, तेव्हा दोन्ही गालांवर वांग आलं. सहाव्या महिन्यात मूल गेलं. वांग राहिलं. पुढे मूल झालं नाही.

पार्लर तिने त्यानंतर काढलं. कोल्हापूरला जाऊन वर्षभराचा कोर्स केला, आमच्या पुढच्या खोलीत खुर्ची आणि आरसा लावला. प्रत्येक बाईचं एक कार्ड असायचं. नाव, फोन, कातडी कसली, काय लावलं, काय सोसलं नाही. तेलकट, कोरडी, मिश्र, नाजूक असे चार प्रकार तिला शिकवले होते. तिने पाचवा घातला, खारी. मिरकरवाड्यावर मासे विकणाऱ्या बायकांची कातडी. दिवसभर ऊन, मीठ आणि बर्फाचं पाणी. पुस्तकातला कोरड्या कातडीचा इलाज या बायकांना चालत नाही, असं ती म्हणायची. त्यांना ती फेशियल करायची नाही. खोबरेल लावायची, वाफ द्यायची नाही, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसा म्हणून सांगायची.

ती लोकांना नाही म्हणायची, आणि त्यामुळे लोक तिच्याकडे यायचे. सावळ्या मुलीला कोणी पील करायला, म्हणजे औषधाने वरची कातडी सोलून घ्यायला आणलं तर परत पाठवायची. "गोऱ्या कातडीवरचा चटका आठ दिवसांत जातो, सावळीवर त्याचा काळा डाग सहा महिने बसतो. लग्नाच्या फोटोत तोच दिसेल, चालेल?" असं मुलीच्या आईला तोंडावर विचारायची.

आणि तिचा एक नियम होता. नवीन वस्तू आधी स्वतःच्या कानामागे, दोन दिवस. मग स्वतःच्या गालावर, महिनाभर. मग गिऱ्हाईक. मी म्हणायचो, "एवढं कोण करतं?" ती म्हणायची, "करत नाहीत म्हणून तर निस्तरायला माझ्याकडे येतात."

आता माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्यनारायण होता. पाहुणे जेवत होते. दर्शना वाढत होती. कोणीतरी म्हणालं, वहिनींचं पार्लर जोरात चाललंय. मी म्हणालो, "जोरात आहे, पण बाईच्या स्वतःच्या गालावर रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा आहे. गिऱ्हाईक बघतं आणि विचारतं, दापोली कुठे आली?" सगळे हसले. तीही हसली, आणि भाताचं भांडं घेऊन आत गेली.

महिन्याभराने तिने विचारलं, "तुमच्या बंदरावर जहाजावरचे लोक येतात ना? त्यांच्याकडे बाहेरचं क्रीम असतं म्हणे, वांगावरचं."

केळशीचा हर्षद जहाजावर असतो, माझ्या ओळखीचा. मी त्याला सांगितलं. त्याने दोन डब्या आणल्या. पांढरी डबी, झाकणावर कमळ, खाली अरबी अक्षरं. आत काय आहे ते कुठेच वाचता येत नव्हतं. मी त्या जेवणाच्या पिशवीतून घरी आणल्या.

"यावर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"मला अरबी येतं का? तो म्हणाला चांगलं आहे. त्याची बायको लावते."

"त्याची बायको कोण, डॉक्टर?"

"तुला नको असेल तर परत देतो."

तिने परत दिलं नाही. कानामागे लावलं. खाज नाही, लाली नाही, आग नाही. गालावर लावलं. दीड महिन्यात वांग फिकं झालं, चार महिन्यांत गेलं. मी खूश झालो. तसं तिला बोललोही.

बायका मागे लागल्या. दर्शनाताई, तुम्ही काय लावलंत ते आम्हाला द्या. तिने महिन्याच्या जागी सहा महिने स्वतःवर बघितलं आणि मग दिलं. हर्षद आणत गेला, मी पिशवीतून घरी नेत गेलो.

या वर्षी फेब्रुवारीपासून तिचं तोंड सकाळी भरलेलं दिसायला लागलं. बायका म्हणाल्या, ताई, काय तेज आलंय, मानवलंय तुम्हाला. मग पाय सुजले. ती म्हणाली, दिवसभर उभी असते म्हणून. जवळच्या डॉक्टरने सुजेच्या गोळ्या दिल्या. मे महिन्यात एकच पाय सुजून दुखायला लागला, तेव्हा ॲडमिट केलं. लघवीतून प्रथिनं जात होती. साखर नाही, बीपी नाही, मग मूत्रपिंडं का बिघडली, हे कोणाला कळेना.

शेवटी नेमकं विचारलं ते कोल्हापूरहून आठवड्याला येणाऱ्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी. दर्शना गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. मी कागद घ्यायला गेलो होतो. त्यांनी फाईल बघितली आणि म्हणाले, "पार्लर होतं ना त्यांचं? गोरं व्हायचं क्रीम लावत होत्या?"

मी एक डबी नेऊन दिली. तीन आठवड्यांनी अहवाल आला. क्रीममध्ये पारा होता, चालतो त्याच्या हजारो पट. डॉक्टर म्हणाले, पारा कातडीतून आत जातो. कातडीला काही होत नाही, ती उजळते. बिघडतं ते आत, मूत्रपिंडात. प्रथिनं जायला लागली की रक्त गोठायला लागतं, गुठळी त्यातूनच झाली.

म्हणजे तिचा नियम बरोबर होता. ती विचारत होती कातडीला, आणि कातडी सांगत होती, सगळं ठीक आहे.

डॉक्टर म्हणाले, आणखी कोणी लावत असेल तर ताबडतोब थांबवा आणि लघवी तपासायला सांगा. मी कार्डं काढली. नम्रता मदतीला बसली. क्रीम दिलेल्या वीस जणी निघाल्या.

पहिला फोन एका शाळेतल्या बाईंना केला, समीक्षा त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, "काका, बायको जाऊन महिना झाला नाही आणि तुम्ही तिचं नाव खराब करताय? ताई असं करणार नाहीत." फोन ठेवला. मी परत लावला, त्यांनी उचलला नाही. नम्रता त्यांच्या शाळेत जाऊन सांगून आली.

विमलाबाईंच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "लग्न पंधरा दिवसांवर आलंय हो. तुमच्याकडे एखादी डबी उरली असेल ना? तेवढ्यापुरती. नंतर लावणार नाही ती."

"बाई, माझी बायको मेली त्याने."

"तुमच्या मिसेसनी वर्षानुवर्षं लावलं. आमची पंधरा दिवसांचंच म्हणतेय."

मी फोन नम्रताकडे दिला. तिने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाकीच्यांनी ऐकलं. दोघींच्या लघवीत दोष निघाला, औषध चालू आहे, डॉक्टर म्हणतात बऱ्या होतील. पण गाव बोलायला लागलं. कार्डावरच्या सगळ्या बायकांना दर्शनाने विष लावलं, असं झालं. पार्लरच्या बोर्डावर कोणीतरी चिखल मारला.

मिरकरवाड्याला येसूबाई भेटली. सत्तरीची, मासे विकते, दर्शनाची जुनी गिऱ्हाईक. तिला क्रीम दिलं नव्हतं, पण मी खात्री करायला गेलो.

"मला कुठला देते ती?" येसूबाई म्हणाली. "मी म्हटला, दर्शना, मला पण गोरी कर गो. तर म्हणते कशी, येसूबाय, तू गोरी झालीस तर गिऱ्हाईक तुला ओळखायचा नाय, बांगडे शेजारणीकडून घेतील." हसली, आणि पदराने डोळे पुसले. मग सुरी खाली ठेवली. "बाजारात काय बोलतात ठाव हाय ना तुला? दर्शनाने विष विकला."

"तिला ठाऊक नव्हतं, येसूबाई."

"मला काय सांगतोस? ह्यांना सांग. आणला कोणी ता?"

"मुंबईचा एक एजंट होता."

"नाव काय मेल्याचा?"

"ठाऊक नाही."

"तुझ्या दारात येणाऱ्या माणसाचा नाव तुला ठाव नाय? तू घरात नवरा होतास की भाडेकरू?"

शेजारच्या बायका हसल्या. मी सहा बांगडे घेतले आणि निघालो. घरी आल्यावर मांजराला घातले.

एजंट मी पहिल्यांदा नम्रतापुढे काढला, अहवाल आला त्या दिवशी. तिने विचारलं, ताईला हे कुठून मिळालं, आणि माझ्या तोंडून ते निघालं. तिने विश्वास ठेवला. आता ती पोलिसात तक्रार देणार आहे. अर्ज तिने स्वतः लिहिला आहे, अक्षर दर्शनासारखंच आहे. माझ्या ताईची फसवणूक झाली, असं त्यात आहे. एजंटाच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे. रोज संध्याकाळी फोन करते. "भावोजी, आठवा ना. दिसायला कसा होता? गाडी कुठली होती? लोक ताईला शिव्या देतायत आणि तो माणूस मजेत फिरतोय."

मी म्हणतो, आठवून बघतो.

हर्षदला फोन केला होता. त्याला सांगितलं, बायकोला लावायचं थांबव. तो घाबरला. "माझं नाव कुठे येणार नाही ना, विनोददादा?" म्हणाला. मी म्हणालो, नाही. माझंही येत नव्हतं.

वीसपैकी एकोणीस जणींना सांगून झालं आहे. विसावी लग्न होऊन हेदवीला गेली, तिचा नंबर बदलला आहे, तिच्याकडे जायचं आहे. आणि डब्या मी आणल्या, हे नम्रताला अजून सांगितलेलं नाही.